जुन्या वस्तीचं काम काढायचंय? नकाशाच्या आधी दारं वाजवा

मळा ही पणजीतली जुनी वस्ती, तिथल्या आमच्या गल्लीच्या सुधारणेचा पहिला नकाशा समोर आला तेव्हा त्यात विहीर नव्हती. नवी फरशी, गटार, दिव्याचे खांब, बसायला बाकडी, सगळं रंगीत आणि छान काढलेलं, आणि जिथून सात घरं एप्रिल-मेमध्ये पाणी भरतात त्या जागी एक झाड आणि शेजारी कुंड्या. नकाशा काढणारा मुलगा हुशार होता, मनापासून काम करणारा होता, पण त्याने सगळं वरून ड्रोनने टिपलेलं आणि विहिरीवर पत्रा घातलेला, त्यामुळे त्याला ती कुणाचीतरी शेड वाटली. त्या सात घरांतलं एक दार कुणी वाजवलं असतं तरी दोन मिनिटांत कळलं असतं. पुढे ती विहीर नकाशात यायला आठ महिने गेले, कारण तोवर टेंडर निघालेलं आणि टेंडर निघाल्यावर विहीर म्हणजे बदल, बदल म्हणजे फाईल, फाईल म्हणजे परत मंजुरी.

तेव्हापासून अशा तीन कामांत मी वही घेऊन फिरलेय, एकदा गटाराचं, एकदा रस्ता-फरशीचं आणि एकदा घरांच्या एका ओळीची कौलं आणि पुढच्या भिंती. मी इंजिनियर नाही, मळ्यात वाढलेली भाडेकरूंची मुलगी आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, कुठेही जुन्या दाट वस्तीत काम निघणार असेल आणि तुम्ही नगरसेवक असा, आर्किटेक्ट असा नाहीतर नुसते तिथे राहणारे असा, लोकांना त्यात कसं घ्यायचं ते जसं जमलं तसं लिहितेय.

गावात ग्रामसभा आहे, शहरात बोलायचं कुठे

गावात सगळं सुरळीत असतं असं नाही, पण निदान जागा ठरलेली असते, रविवारी ग्रामसभा असते आणि तिथे उभं राहून विचारता येतं. गोव्यात लोकांनी आवाज करून दाखवलाय सुद्धा, रिजनल प्लॅन २०११, म्हणजे राज्यातली जमीन कशी वापरायची त्याचा आराखडा, त्याच्या विरोधात लोक रस्त्यावर आले आणि २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला, आणि नंतरच्या २०२१ च्या प्लॅनसाठी गावागावांत विचारणा झाली. शहरात मात्र तशी सभाच नाही. घटनेच्या २४३-एस कलमाप्रमाणे वॉर्ड कमिटी बंधनकारक आहे ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या पालिकांना, आणि पणजी नावाने महापालिका असली तरी २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ४० हजारांच्या आसपास होती. प्रभाग ३०. म्हणजे मळ्यातल्या माणसाने कुठे उठून बोलायचं ही सोय घटनेने बंधनकारक केलेलीच नाही. नगरसेवकाला भेटा, अर्ज द्या, आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना घाला, हे सगळं करायचंच, पण हरकत घालेपर्यंत वरचे लोक मनाने पुढे गेलेले असतात. म्हणून ही सभा आपणच उभी करायची आणि आराखडा निघायच्या आधी करायची.

अजून एक गोष्ट पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. रीडेव्हलपमेंट म्हटलं की मुंबई डोळ्यासमोर येते, जुनी बिल्डिंग पाडायची आणि टॉवर उभा करायचा. महाराष्ट्रात सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, तो आकडा आपल्याकडचेही लोक फेकतात पण त्याचा इथे काही संबंध नाही. फोंतेन्हास, सां तोमे, मळा या पणजीतल्या जुन्या वस्त्यांत काम म्हणजे घर उभं ठेवून त्याचं छप्पर, भिंत, संडास, वायरिंग, गटार, रस्ता सुधारायचा, म्हणजे साठ घरं असली तर साठ निराळी कामं आणि साठ निराळ्या संमत्या. आणि युनेस्को आपल्याला सांभाळेल ही समजूतही काढून टाका, खूप जणांना तसं वाटतं. युनेस्कोच्या यादीत आहेत ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट, १९८६ पासून, पणजीतली घरं त्या यादीत नाहीत. इथे जे काही संरक्षण आहे ते आपल्याच नगरनियोजन कायद्यातलं, १९७४ चा कायदा आणि त्याखालचे कॉन्झर्वेशनचे नियम, आणि ते नियम कागदावर ठेवायचे की पाळून घ्यायचे हे बरंचसं तिथे राहणाऱ्यांवर असतं.

वही

एक लांब वही घ्या, प्रत्येक घराला दोन पानं. वर घर नंबर आणि सिटी सर्व्हेचा पी. टी. शीट नंबर, चलता नंबर (सरकारी नकाशातला त्या जागेचा क्रमांक) लिहायचा. ऑफिसातल्या माणसाला "शणै काकींच्या समोरचं घर" कळत नाही आणि काकींना चलता नंबर कळत नाही, त्यामुळे दोन्ही एका पानावर पाहिजे. फॉर्म डी, म्हणजे त्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड, काढून घ्या, त्यावर नावं कुणाची आहेत ते उतरवा. आणि मग खाली, ठळक अक्षरात, त्या घरात आज रात्री कोण झोपणार आहे ते लिहा. ही दोन यादींची तुलना केलीत की तुम्हाला कळेल अडचण कुठे आहे, कारण जुन्या वस्तीत कागदावरची माणसं आणि झोपणारी माणसं बहुतेक वेगळी असतात.

झोपणाऱ्यांत कोण कोण येतं? स्वतः राहणारे मालक, जुने भाडेकरू, मागच्या खोलीत राहणारे कर्नाटक, बिहार, ओडिशाचे कामगार, वरच्या मजल्यावर एकटी राहणारी एखादी तिया (मावशी-काकू) जिची मुलं पोर्तुगालला नाहीतर इंग्लंडला आहेत. आणि न झोपणारे पण तिथेच पोट असणारे वेगळे लिहा, तावेर्नवाला (दारूचं छोटं दुकान चालवणारा), शिंपी, पहाटे भोंगा वाजवत येणारा पोदेर म्हणजे पाववाला, कोपऱ्यावर बसणारी मासळीवाली, गेस्ट हाऊस चालवणारे. मासळीवालीला कुणी विचारत नाही आणि गल्ली खोदली की पहिला धंदा तिचा जातो. आमच्याकडे गटाराचं काम निघालं तेव्हा तिला कुठे बसवायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, ती दोन महिने पणजीतल्याच पाटो भागाच्या बाजूला बसत होती आणि तिची नेहमीची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच, मला आजही ते लागतं कारण तिचं नाव माझ्या वहीत होतं आणि मी ते सभेत वाचलं नाही.

दार वाजवायला कधी जायचं हेही बघा. दुपारी १ ते ४ जाऊ नका, लोक आडवे झालेले असतात आणि उठून आलेला माणूस हो-नाही करून दार लावतो. सकाळी ९ नंतर किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर जा. बाहेर असलेल्या मालकांना गाठायचं तर चतुर्थी आणि नाताळ, तेव्हा मुंबईची, दुबईची, लिस्बनची माणसं घरी असतात आणि सगळी भावंडं एका खोलीत सापडतात, तो आठवडा फुकट घालवू नका, पण चतुर्थीच्या पहिल्या दोन दिवसांत कागद काढू नका, आधी जेवायला बसा.

जोडीने जा, एक हिंदू एक ख्रिश्चन, एक बाई एक पुरुष. मी कितीही मळ्यातली असले तरी फोंतेन्हासमधल्या काही घरांत मी एकटी गेले तर ओसरीवर बोलणं होतं आणि शेजारचा जुजे बरोबर असला की आत बाल्कनीत नेऊन बसवतात, आणि आमच्या बाजूला नेमकं उलटं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. नोटीस देवनागरीत कोंकणी-मराठीतून, रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतून, इंग्रजीतून आणि भाड्याच्या खोल्यांसाठी हिंदी-कन्नडमधून, इतक्या सगळ्यांतून काढा. फक्त मराठीत काढलेली नोटीस फोंतेन्हासमधलं अर्धं घर वाचत नाही आणि फक्त इंग्रजीत काढलेली आमच्या मळ्यातल्या आज्या वाचत नाहीत.

विचारायचं काय? "तुमच्या अपेक्षा काय" असलं विचारू नका, त्याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं, पार्किंग. विचारा की पाऊस लागला की कुठे गळतं, रात्री संडासला कुठे जावं लागतं, जिना चढताना कुठे धरता, सिलिंडर कोण आणि कुठून वर नेतो, कोणी आजारी पडलं तर खुर्चीतून खाली कसं आणता. गेल्या दहा वर्षांत घराला काय केलंत आणि त्याला कोणी पैसे दिले. आणि शेवटी एकच, काम निघालं तर तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. हा शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा, पुढची दहा मिनिटं त्यांना बोलू द्या.

पाण्याच्या रेघा

हे मळ्यासाठी आहे पण खाडीकाठच्या कुठल्याही वस्तीला लागू पडेल. मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की रुआ दि ओरेम खाडीत पाणी जायला जागा राहत नाही आणि ते आमच्या खालच्या घरांत येतं. किती येतं हे इंजिनियरला मॉडेलवरून काढावं लागतं आणि आमच्या घरांच्या भिंतींवर ते लिहिलेलं असतं. आम्ही काय केलं तर प्रत्येक घरात जाऊन विचारलं की पाणी कुठपर्यंत आलं होतं, तिथे खडूने रेघ मारली, पट्टी लावून जमिनीपासूनची उंची घेतली, फोटो काढला, आणि कुठल्या वर्षी ते आठवतं का विचारलं. आठवतं लोकांना, कोणाचं लग्न होतं, कोणाचा फ्रिज गेला, कोणाचा दहावीचा पेपर होता. एका संध्याकाळी मुलांना घेऊन २३ घरांच्या रेघा झाल्या. त्या रेघा नकाशावर घातल्यावर दिसलं की नवीन गटाराचा उतार जिथे संपत होता तिथेच सगळ्यात उंच रेघ होती. हे कुठल्याच सभेत नुसतं बोलून पटलं नसतं, रेघा बघितल्यावर साहेब स्वतः खाली वाकून पट्टी लावायला लागले.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, लोकांचं म्हणणं मोजता येईल अशा रूपात द्या. "आमच्याकडे फार पाणी येतं" हे तक्रार वहीत जातं, "उंबऱ्यापासून ४० सेंटीमीटर, सात घरं" हे नकाशात जातं.

मालक, भावंडं आणि सही

आता सगळ्यात चिवट भाग. गोव्यात लग्न-मालमत्तेचा पाया १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडचा आहे, वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघांची मालमत्ता सामाईक, आणि मुलगा-मुलगी दोघांना वाटा. हे चांगलं आहे, मी बाई म्हणून म्हणते फार चांगलं आहे, पण त्यामुळे तीन पिढ्यांत एका घराला वीस-पंचवीस मालक होतात आणि त्यातल्या प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. वाटणी करायची तर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांत वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, आता त्याला २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे जो २०१६ पासून लागू झाला, पण ती लगेच संपणारी गोष्ट नाही.

यातून वाट अशी की वाटणी आणि दुरुस्ती वेगळी ठेवा. भावंडांच्या बैठकीत पहिल्याच वाक्याला सांगा की या कागदाने कुणाचा वाटा कमी-जास्त होत नाही, हे फक्त छप्पर आणि भिंत वाचवायची परवानगी आहे. हे वाक्य कागदावरही पहिलंच टाका. मग एका माणसाला मुखत्यारपत्र द्यायला सांगा, फक्त दुरुस्तीपुरतं, मुदत घालून. परदेशातल्यांना ते तिथल्या भारतीय वकिलातीतून करून पाठवता येतं. वकील आपला ठेवा आणि कागद कोंकणीत वाचून दाखवा, सगळ्यांसमोर, मोठ्याने. एका घरात तीन वर्षं न बोलणारे दोन भाऊ होते, वाटा कमी होत नाही हे वाचून दाखवल्यावर सही करून गेले, एकमेकांशी बोलले नाहीत तरी सही केली, आपल्याला तेवढंच हवं होतं.

भाडेकरू

मी भाडेकरूंची मुलगी, म्हणून इथे मी जरा जास्त बोलणार. आपल्याकडे १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यामुळे जुना भाडेकरू सहज निघत नाही, आणि भाडं इतकं कमी असतं की मालक दुरुस्ती करत नाही. मालक म्हणतो त्या भाड्यात एक कौल येत नाही, भाडेकरू म्हणतो घर माझं नाही मग मी पैसे का घालू, आणि दोघांच्या मध्ये वासा कुजतो. दोघंही खरं बोलतात. म्हणून यांना एका सभेत समोरासमोर बसवू नका, पहिल्यांदा तर नाहीच. वेगवेगळं ऐका, लिहा, आणि मग ज्या दोन-तीन गोष्टींवर दोघांचं जमतं त्याच घेऊन एकत्र बसा, बहुतेक वेळा त्या गोष्टी छप्पर आणि वायरिंग असतात.

भाडेकरूची भीती एकच असते, एकदा बाहेर पडलो की ताबा गेला. माझ्या आईने पडक्या स्वयंपाकघरात सहा पावसाळे बादल्या लावून काढले पण दुरुस्तीसाठी आठ दिवस बहिणीकडे जायला तयार झाली नाही, आणि तिला हट्टी म्हणणारे सगळे स्वतःच्या घरात राहत होते. ही भीती समजावून जात नाही, कागदाने जाते. बाहेर पडायच्या आधी लेखी करार हवा, त्यात किती महिने, तोवर राहायचं कुठे, त्याचं भाडं कोण देणार, परत नेमक्या कुठल्या खोल्यांत, किती चौरस मीटर, परत आल्यावर भाडं किती, आणि तारीख चुकली तर काय. खोल्यांचं मोजमाप आणि फोटो दोघांच्या सहीने लावा. एक किल्ली भाडेकरूकडेच राहू दे, सामानाची एक खोली बंद करून ठेवू दे. आणि शक्य असेल तिथे बाहेर काढूच नका, घर दोन भागांत घ्या, आधी मागची बाजू मग पुढची, कामाला वेळ जास्त लागतो पण माणूस शांत झोपतो.

मुंबईत भेंडी बाजारचं साडेसोळा एकरांचं काम तुम्ही ऐकलं असेल, २००९ मध्ये त्यासाठी ट्रस्ट झाला, शेकडो जुन्या इमारती आणि हजारो कुटुंबं. तिथली पाडापाडी आपल्या उपयोगाची नाही, पण पाडायच्या आधी कुटुंबांना राहायला ट्रान्झिटची घरं तयार ठेवली ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तर दहा-बारा खोल्या पुरतात. जवळचं एखादं बंद घर मालकाशी बोलून दोन वर्षांसाठी घ्या, आळीपाळीने एकेक कुटुंब तिथे. त्याच गल्लीत असलं तर फार बरं, म्हातारी माणसं रोज संध्याकाळी आपलं घर बघून येतात, गवंड्याला दोन गोष्टी सांगतात, आणि खरंच उपयोगाच्या सांगतात.

जुन्या माणसांना भिंतीबद्दल विचारा

आपली घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आणि चुन्याची. चिरा ओल ओढतो आणि सोडतो, चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. कंत्राटदाराला सिमेंट सोपं पडतं म्हणून अंदाजपत्रकात तेच येतं. जुना मेस्त, म्हणजे गवंडी, शोधा, वस्तीत एखादा तरी असतो, त्याला सभेत मानाने बोलवा आणि एका भिंतीवर दोन चौरस मीटरचे दोन तुकडे करून ठेवायला सांगा, एक चुन्याचा एक सिमेंटचा, एक पावसाळा जाऊ द्या. मग मतदान घ्यायची गरज पडत नाही. शिंपल्यांच्या तावदानाच्या खिडक्या कोणाकडे माळ्यावर काढून ठेवल्यात ते पण वहीत लिहा, आम्हाला चार घरांच्या माळ्यावर मिळाल्या.

सभा आणि खडूचा नकाशा

सभा एकच मोठी घेऊ नका. मोठ्या सभेत पाच पुरुष बोलतात आणि बाकीचे चहा पिऊन जातात. गल्लीगल्लीच्या छोट्या घ्या, पंधरा-वीस जण, आणि बायकांची एक वेगळी, भाड्याच्या खोल्यांतल्या कामगारांची एक रविवारी. जागा बदलत ठेवा, एकदा मारुतीच्या देवळाकडे एकदा सेंट सेबॅस्टियन चॅपेलसमोर, म्हणजे कुणाच्या अंगणात गेलो असं कुणाला वाटत नाही. मारुतीची जत्रा, फेस्त (चर्चचा सण), शिगमो (गोव्यातला शिमगा) यांच्या तारखा आधी बघा.

नकाशा भिंतीवर लावू नका, जमिनीवर पसरा, १:२०० चा, म्हणजे दोन मीटरची गल्ली एक सेंटीमीटर दिसते. सगळ्यांना खाली बसून आपलं घर शोधू दे. पहिली पंधरा मिनिटं नुसती घर शोधण्यात जातात, जाऊ देत, चुका तेव्हाच सापडतात. बटणं ठेवा, लाल बटण म्हणजे इथे त्रास, हिरवं म्हणजे हे हलवू नका. आमच्याकडे सगळ्यात जास्त हिरवी बटणं कुठे पडली माहितेय, एका ओट्यावर. कुठल्याच यादीत तो वारसा नव्हता, पण संध्याकाळी सगळ्या म्हाताऱ्या तिथे बसतात.

नकाशा ज्यांना कळत नाही, आणि खूप जणांना कळत नाही, त्यांच्यासाठी एक रात्र गाड्या काढायला सांगून खऱ्या रस्त्यावरच चुन्याच्या फक्कीने रेघा मारा, गटार इथे, खांब इथे, बाकडं इथे. अग्निशमनचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो, तेवढ्या दोन रेघा मारा आणि बघा कोणाची पायरी आड येते. सकाळी लोक दुधाला बाहेर पडले की आपोआप चर्चा सुरू होते आणि अशी चर्चा कुठल्या हॉलमध्ये होत नाही.

प्रत्येक सभेनंतर दोन दिवसांत एक पान लावा, देवळात, चॅपेलकडे आणि तावेर्नमध्ये. डावीकडे लोक काय म्हणाले, उजवीकडे त्याचं काय केलं. जे नाही केलं ते का नाही हेही लिहायचं, तेच जास्त महत्त्वाचं. वायर जमिनीखाली न्यायचा खर्च बसत नसेल तर तसं सांगा, लोक ऐकतात. गप्प राहिलात की पुढच्या सभेला कोणी येत नाही आणि मग वर जाऊन सांगितलं जातं की लोकांना रस नाही.

ऑफिसातून कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. डीपीआर (कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल), टेंडरमधला कामाचा तपशील, कामाची मुदत आणि दुरुस्तीची हमी किती वर्षांची, हे चार कागद मागा. भांडायला म्हणून मागू नका, वस्तीतल्या मुलांकडून सोप्या भाषेत एका पानावर लिहून घ्या आणि वाटा.

खोदकाम चालू झालं की

इथे सगळं लवकर सांगते. एका वेळी एकच गल्ली उघडू द्या, ती बुजली की पुढची. मे संपायच्या आत खड्डा बंद, हे करारात घालून घ्या, जूनमध्ये उघडी राहिलेली गल्ली म्हणजे घरात चिखल. प्रत्येक दारासमोर फळी, आजारी माणसाच्या घराला पक्का उतार. दिवसातून दोनदा पाणी मारणं. पणजीत स्मार्ट सिटीच्या कामांची धूळ इतकी झाली की २०२४ मध्ये प्रकरण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं, तिथपर्यंत जायची पाळी कुठल्याच वस्तीवर येऊ नये. एक फोन नंबर लावा ज्यावर खरा माणूस बोलतो, आणि वस्तीतलीच एक व्यक्ती पगारावर ठेवा जी रोज सकाळी इंजिनियरबरोबर एक फेरी मारेल. फुकट करायला सांगू नका, दोन महिन्यांत दमते.

काम चांगलं झालं तर काय

याबद्दल पहिल्या सभेतच बोला. वस्ती सुंदर झाली की फोटो काढायला गर्दी येते, फोंतेन्हासमध्ये लोक आजच खिडकीखाली शूटिंग करणाऱ्यांना कंटाळलेत. मग तळमजल्यावर कॅफे, वर गेस्ट हाऊस, आणि खोलीचं भाडं असं की मागच्या खोलीतला कामगार, तावेर्नवाला, एकटी तिया, कोणालाच परवडत नाही. मलेशियात पेनांगच्या जॉर्ज टाऊनमध्ये २००० साली जुना भाडे नियंत्रण कायदा उठला आणि २००८ मध्ये युनेस्कोचा शिक्का आला, घरं राहिली पण जुने राहणारे खूप कमी झाले. इटलीत बोलोन्या शहराने १९७३ च्या सुमाराला निराळं केलं, जुन्या भागातल्या घरमालकांना दुरुस्तीला पैसे दिले आणि बदल्यात करार करून घेतला की भाडं आटोक्यात ठेवायचं आणि जुन्या भाडेकरूला परत घ्यायचं. आपल्याकडे हे सगळं जमेल असं नाही, पण सरकारी पैसा खासगी घराच्या छपराला लागणार असेल तर पाच-सात वर्षांची अट मागायला काहीच हरकत नाही. मालकांना ती आधी सांगा, मागाहून नको. आणि कुठल्या गल्लीत किती गेस्ट हाऊस चालतील, शूटिंग कुठल्या वेळेत आणि त्याचे पैसे कोणाला, हे राहणाऱ्यांनी ठरवून लिहून द्यावं, आमच्या एका गल्लीने लिहून दिलंय आणि बऱ्यापैकी पाळलं जातंय.

काम संपलं, फीत कापली, की वही ठेवून देऊ नका. दोन पावसाळे जाऊ द्या आणि मग तीच वही घेऊन तीच दारं परत वाजवा. गळतं का, पाण्याची रेघ कुठे आली, फरशी निसरडी होते का, भाडं किती झालं, आणि पहिल्या पानावर ज्यांची नावं होती ती आज रात्री तिथेच झोपणार आहेत का. कोणी गेलं असेल तर त्यांना फोन करून का गेलात ते विचारा आणि लिहून घ्या. मग फोन नंबरांची पानं काढून बाकीची वही पुढच्या ज्या गल्लीचं काम निघणार असेल तिथल्या माणसाला द्या. आमची सध्या सां तोमेत आहे.